एडमंटन : सात दिवस, सहा रात्री

१५ एप्रिल, मंगळवार

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. हजला दीड महिना उरलाय, मदिन्याच्या दोन हॉटेलांनी खोल्यांचा घोळ घालून ठेवलाय, आणि आज आमच्या मालकाचा, शेखचा मुलगा रायद माझ्या टेबलावर येऊन बसला. म्हणे, "रफीक, आता आपण कॅनडा करायचं. उन्हाळ्यात जेद्दातून लोक पळतात. लंडन झालं, तुर्कस्तान झालं. थंड हवा दाखवू, जत्रा दाखवू."

कुठलं शहर विचारलं तर एडमंटन. तिथं म्हणे उन्हाळाभर एक उत्सव संपला की दुसरा उभा राहतो. पहिला गट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वीस माणसं. कार्यक्रम मी आखायचा आणि गटाबरोबर जायचंही मीच. सव्वीस वर्षं मी जुन्या जेद्दातल्या, बलदमधल्या या ऑफिसात उमरा करायला मक्केला येणाऱ्यांना हॉटेलं देतोय, आजवर एक बस चुकवलेली नाही, म्हणून माझ्यावर विश्वास.

मला काही वाटलं नाही. नौशादनं मात्र मान खाली घातली. तो मुरुडचा, वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. त्याला सगळं ठाऊक आहे.

सगळं म्हणजे एवढंच. माझी थोरली सहा वर्षांपूर्वी एडमंटनला नर्सिंग शिकायला गेली. श्रीवर्धनला माझ्या भावाच्या मुलाशी तिचा साखरपुडा झालेला होता. चार वर्षांपूर्वी तिनं तो मोडला आणि तिथंच निकाह केला. मुलगा सोमाली, लिबान नाव. नमाजी आहे, मान्य. पण ना आपल्या जमातीचा, ना आपल्या भाषेचा. रंगावरून मी काही बोललो नाही. भावजय बोलली, मी ऐकून घेतलं. थोरलीचा फोन आला तेव्हा आम्ही गावी होतो, घर माणसांनी भरलेलं होतं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "आम्हाला एकच मुलगी आहे, अदिबा." आणि फोन ठेवला. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढत नाही. मी काढू देत नाही.

जेवताना बायकोला, अख्तरीला म्हटलं, एडमंटनचं काम आलंय, ऑगस्टात जावं लागेल. ती वाढता वाढता थांबली. मग म्हणाली, "कालवणात मीठ बरोबर हाय ना?"

मीठ बरोबर होतं.

२० एप्रिल, रविवार

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. न पाहिलेल्या शहराची सहल आखतोय. चार दिवस कॉम्प्युटरवर बसून डोळे लाल झाले.

काचेचे चार पिरॅमिड आहेत, प्रत्येकात वेगळ्या हवामानाची झाडं. त्यातल्या एकात वाळवंट! जेद्दाच्या माणसांना अख्खा दिवस विमानात कोंबून न्यायचं आणि निवडुंग दाखवायचे. मी ते काढून टाकणार होतो. रायद म्हणाला, "ठेव. एसीतलं वाळवंट कुणी पाहिलंय?"

रस्त्यावरच्या खेळवाल्यांचा उत्सव जुलैत संपतो, तो हुकला. नाटकांचा ऑगस्टच्या मध्यावर, तोही हुकला. टेकडीवर बसून चार दिवस गाणी ऐकतात असा एक आहे, त्यापुढं "ज्यांना हवं त्यांनी" असं लिहून ठेवलं. मुख्य आकर्षण हेरिटेज फेस्टिव्हल. देशोदेशीचे मंडप, प्रत्येकात त्या देशाचं खाणं, नाच, कपडे. आपल्या गटाला हे आवडेल. खायला मिळालं की माणूस तक्रार करत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

आणखी एक सापडलं. एका संग्रहालयात जुनं गाव उभं केलंय आणि त्यात मशीद आहे. कॅनडातली पहिली, १९३८ सालची. बायकांनी पुढं होऊन दुकानादुकानांतून मदत मागितली. देणाऱ्यांत ख्रिस्ती होते, ज्यूही होते. पुढं ती पाडायची वेळ आली तेव्हा अख्खी इमारत उचलून संग्रहालयात नेऊन ठेवली. आमच्या बलदमध्ये जुनी घरं टेकू लावून उभी ठेवतात, पण उचलून नेलेली मी ऐकली नव्हती.

अख्तरीला फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आतून लाकडी हाय. थंडीत पण उबदार लागते."

फोटो बाहेरून काढलेला होता. बायका काय वाटेल ते बोलतात.

२७ एप्रिल, रविवार

आमच्या धंद्यात हॉटेल म्हणजे अंतर. मक्केच्या मशिदीच्या, हरमच्या दारापासून किती मीटर, वाटेत चढ आहे का, व्हीलचेअर जाते का. बाकी गाद्या-पडदे कुणी विचारत नाही. तिथं अंतर मोजायचं कशापासून? ना हरम, ना समुद्र. अकरा हॉटेलं काढली आणि शेवटी नदीकाठच्या मोठ्या हॉस्पिटलापासून सहाशे मीटरवर असलेलं धरलं.

रायद वैतागला. "मॉल दुसऱ्या टोकाला, उत्सव तिसऱ्या टोकाला. हे हॉटेल कशाला?"

"गटात वयस्कर माणसं असणार. साखरवाले, बीपीवाले. हॉस्पिटल जवळ हवं."

"लोक मजा करायला चाललेत रे, मरायला नाही."

पण मी हटलो नाही. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. तो म्हणाला, खलास, तू म्हणशील तसं.

घरी हे सांगितलं तर अख्तरीनं विचारलं, "कुठलं हॉस्पिटल?" नाव सांगितलं. ती आत गेली आणि मला न मागता दुसरा चहा आणून दिला. साखर घातलेला. डॉक्टरनं बंद केलीय हे तिला चांगलं माहीत आहे.

अलीकडं तिचं लक्ष नसतं. दिवसाआड त्या जुबेदा शिलाईवालीशी तासभर फोनवर असते, दार लावून. एवढे कपडे शिवते कुठं ते मला दिसलेलं नाही.

६ मे, मंगळवार

मंडपांची यादी रायदला दाखवली. पन्नासावर देश, एका दिवसात होत नाहीत, म्हणून मी पंधरा निवडलेले. लेबनॉन, तुर्कस्तान, भारत, बोस्निया, युक्रेन, चिली असे.

रायदनं मूळ यादी मागून घेतली. बोट फिरवत खाली आला आणि थांबला. "सोमालियाचा का नाही घेतलास?"

म्हटलं, वेळ पुरत नाही.

"चिलीला पुरतो?"

तो रागावला नाही. म्हणाला, "माझी आजी सोमालियातल्या बर्बरा बंदराची. बापाची आई. याच बलदमध्ये लग्न होऊन आली. वेलची-लवंग घालून दुधाचा चहा करायची, तसा आता घरात कुणाला जमत नाही. तो मंडप घे. चिली काढ."

सव्वीस वर्षं या घराण्याचं मीठ खातोय आणि हे मला माहीत नव्हतं. म्हातारीला मी पाहिलंय, माझ्या पहिल्या वर्षी. तिनं मला खजूर दिले होते. तिच्या रंगाकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

चिली काढलं, सोमालिया टाकलं. हात दुखत होता म्हणून लवकर घरी आलो.

१३ मे, मंगळवार

आज माझी अब्रू अख्तरीनं वाचवली. लिहायला लाज वाटते, पण डायरीत खोटं कशाला.

सात दिवसांचा कार्यक्रम तयार झाला. आमच्याकडं जसा असतो तसा, नमाजांवर बांधलेला. दुपारी आराम. तिसऱ्या प्रहरी असरनंतर चहा. सूर्य मावळला, मगरिब झाली की बसमध्ये बसायचं, रात्रीची ईशा झाली की मंडप, खाणं, बाजार. जेद्दात दिवस ईशानंतरच सुरू होतो. उन्हात कोण फिरतो? रायदनं वाचलं, मान डोलावली. नौशादनं वाचलं. अरबी छपाईला जायचं तेवढं राहिलं होतं.

अख्तरीनं कालपासून टेबलावर पडलेला कागद उचलला, चष्मा लावला आणि म्हणाली, "अवो, तिथं ऑगस्टात मगरिब साडेनऊला होते. ईशा साडेअकराच्या पुढं. मंडपवाले आवरून घरी गेलेले असतील. वीस माणसांना काय कुलपं दाखवणार तुम्ही?"

मी म्हटलं, काहीतरीच बोलू नको. मग कॉम्प्युटर उघडला. बाई बरोबर होती. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. तीन माणसांनी कागद वाचला, तिघेही उमराच्या धंद्यातले, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की मगरिब कुठं साडेनऊला असू शकते.

"तुला कसं माहीत?"

"अदिबाच्या मोबाईलात दिसतं सगळं."

"आणि सकाळची गर्दी नसते, दहाला पोचलात तर बरं," ती पुढं म्हणाली. "सोबत पातळ स्वेटर घ्या म्हणावं. सूर्य खाली गेला की गारठा पडतो. आणि डास. नदीकाठी लय डास."

"मोबाईलात डाससुद्धा दिसतात?"

तिकडून अदिबा म्हणाली, "It's called weather app, Abba." दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण कार्यक्रम सगळा उलटा करून घेतला.

५ जून, गुरुवार

हजची धांदल. तीन आठवडे लिहिलं नाही.

आज अराफातचा दिवस, हजमधला सगळ्यात मोठा. रोजा धरला. आज मागितलेलं मिळतं म्हणतात. असरनंतर हात उचलले. बराच वेळ तसेच धरून ठेवले. काय मागावं सुचेना. बाजूला अख्तरी मागत होती, तिचं संपतच नव्हतं. मी आमीन म्हणून हात खाली घेतले.

१५ जून, रविवार

व्हिसाचं आणखी लांबवणं शक्य नव्हतं. गटातल्या बाकी सगळ्यांचे अर्ज गेले, माझाच राहिला होता. हज, हज म्हणून मी टोलवत होतो, आता हजही झाला.

हाशिरच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. तो मलबारी, इकाम्याचे म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, व्हिसाचे अर्ज भरून देतो, बोटं भराभर चालतात. नाव, पासपोर्ट, पगार सगळं झालं. मग म्हणाला, घरच्यांचा वेगळा कागद आहे. आईवडील, बायको, आणि सगळी मुलं. कुठंही राहत असोत, प्रत्येकाचं नाव, पत्ता, धंदा लिहायचा.

"रफीकभाई, बच्चे कितने?"

"एक."

त्यानं टाईप केलं. अदिबाचं नाव, जन्मतारीख. मग कागद छापून माझ्यापुढं ठेवला. "इधर साइन. सच लिखा है, ऐसा लिखा है नीचे. झूठ निकला तो पाँच साल बंदी."

मी पेन घेतलं. मग सांगितलं की चष्मा ऑफिसात राहिलाय. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. हाशिर सभ्य माणूस, त्यानं तो कागद आणि सोबत एक कोरा पाकिटात घालून दिला.

कागद घेऊन ऑफिसात आलो. नौशादनं तो पाहिला. वीस वर्षांत तो मला कधी उलट शब्द बोललेला नाही. आज म्हणाला, "फोनवर बोललास ते रागात बोललास, ते समजू शकतो. हे सही करून लिहून देणार?"

मी म्हटलं, तुझं काम कर.

१७ जून, मंगळवार

दोन दिवस कागद खिशात होता. माझी भीती बंदीची आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पाच वर्षं बंदी म्हणजे शेखचं नाव खराब, हे खरंच आहे.

आज दुपारी घरी जेवायला आलो. अदिबा शाळेत होती. हाशिरनं दिलेला कोरा कागद टेबलावर ठेवला आणि पहिल्या ओळीत लिहिलं, तबस्सुम. चार वर्षांनी लिहिलं. इंग्रजीत दोन एस की एक, यावर अडलो. जन्माच्या दाखल्यावर मीच लिहून दिलं होतं, आणि मलाच आठवेना. त्याचं मला फार वाईट वाटलं. बाकी कशाहीपेक्षा जास्त.

अख्तरी पाठीमागं उभी होती. "दोन," ती म्हणाली.

"पत्ता लागतो."

तिनं सांगितला. घर नंबर, रस्ता, ती अक्षरं-आकडे मिसळलेली पिनची भानगड, सगळं तोंडपाठ, न थांबता, जसं काही लहानपणापासून तिथंच राहते. मी लिहीत गेलो.

"धंदा?"

"नर्स. त्याच हॉस्पिटलात, जिथनं तुमचं हॉटेल सहाशे मीटर हाय."

मी वर बघितलं नाही. मला ते माहीत होतं का? कधीतरी, निकाहाच्या आधी, तिनं फोनवर सांगितलं असणार. मी हॉटेल साखरवाल्यांसाठी घेतलं होतं. देवाशपथ, तेच माझ्या मनात होतं. म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं.

"फोन नंबर?"

तिनं आपला मोबाईल पुढं केला. पडद्यावर नाव होतं, जुबेदा शिलाईवाली. नंबर कॅनडाचा.

"किती वर्षं?"

"चार," ती म्हणाली. "तुम्ही फोन ठेवलात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. आता ओरडायचं असेल तर ओरडा."

ओरडायला हवं होतं. चार वर्षं माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागं. पण राग कुठून आणावा तेच कळेना. मी तिला विचारलं, "मगरिबचं तिनंच सांगितलं?"

"कागदाचा फोटो मीच धाडला होता. वाचून खूप हसली. मग रडली. म्हणाली, अब्बांना जेद्दाच्या बाहेर काही दिसतच नाही."

"मी येणार हे माहीत आहे तिला?"

"सुट्टी टाकलीय तिनं. तुमच्यासमोर नाय येणार म्हणते. लांबून बघेन, मंडपात."

मी कागदाची घडी केली. हाशिरकडं जाऊन जुना फाडला, नवा टाईप करून घेतला आणि सही केली. हाशिरनं "बच्चे दो" एवढंच म्हटलं. मला काही वाटलं नाही असं लिहिणार होतो. तसं नाही. छातीत काहीतरी होतं, गॅस असावा.

९ जुलै, बुधवार

रायदनं छापील कार्यक्रम आणून दिला. रंगीत, गुळगुळीत कागद. वर काचेचे पिरॅमिड. गटातल्या वीसही जणांचे व्हिसा आले. माझा नाही.

अख्तरीनं स्वेटर आणलाय. मी म्हटलं, माझ्याकडं आहे. म्हणाली, "तुमचा नाय तो." मापानं बघितला तर एखाद्या उंच माणसाचा होता, लांब हातांचा. घडी करून बॅगेच्या तळाशी ठेवला तिनं. मी काढला नाही.

२२ जुलै, मंगळवार

उत्तर आलं. नाकारला.

सकाळी अकराला ऑफिसातच उघडलं. एका पानाचं पत्र. त्यात म्हटलंय, तुमचे कॅनडात जवळचे कौटुंबिक संबंध आहेत, ते पाहता मुक्काम संपल्यावर तुम्ही तो देश सोडून परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही.

तीनदा वाचलं. जवळचे कौटुंबिक संबंध. मी अख्ख्या श्रीवर्धनला सांगत आलो की तिथं आमचं कुणी नाही. आणि ज्या माणसानं मला कधी पाहिलेलं नाही, त्यानं एक कागद वाचून ठरवलं की हा बाप गेला तर मुलीला सोडून परत यायचा नाही.

रायद हळहळला. गटाबरोबर नौशादनं जावं असं ठरलं. त्याच्या पासपोर्टवर कॅनडाचा जुना पण अजून चालणारा व्हिसा आहे, मुलाच्या पदवीदान समारंभाला गेला होता तेव्हाचा. त्यानं मला विचारलं, काही न्यायचं आहे का? मी बॅगेतल्या स्वेटरचं सांगितलं. कुणाला द्यायचा ते त्यानं विचारलं नाही.

चार वाजता घरी आलो. अख्तरीला पत्र दाखवलं, समजावून सांगितलं. ती खालीच बसली. मी म्हटलं, "तिला फोन लाव."

"आता? ड्युटीवरनं येत असेल ती. सकाळचे सात वाजलेत तिकडं."

"लाव गो."

तिनं लावला. पलीकडून "हां अम्मी" आलं, दमलेलं. अख्तरीनं फोन माझ्या हातात दिला. मी तो आधी उलटाच कानाला लावला. सव्वीस वर्षं जगभरच्या माणसांशी फोनवर बोलतो मी.

"मी बोलतोय," म्हटलं.

तिकडं किल्ल्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अब्बा?"

"माझा व्हिसा नाकारला."

"का? काय लिहिलंय त्यांनी?"

पत्र समोर होतं. इंग्रजी वाचून दाखवणार होतो. नाही वाचलं.

"तू तिथं आहेस म्हणून," मी म्हटलं.

तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागं कुणीतरी जड आवाजात, इंग्रजीत विचारत होतं, काय झालं. अख्तरी दाराला टेकून उभी होती. नंतर मोबाईलवर पाहिलं, बावीस मिनिटं लाईन चालू होती. बोलणं झालं असेल दोन मिनिटांचं.